नावाचा घास

नीलमच्या कंपनीनं यंदा दिवाळीला मिठाईऐवजी डायऱ्या वाटल्या, तेव्हाच पोपटरावांनी ओळखलं की कंपनीचे दिवस काही खरे नाहीत. गुळगुळीत पुठ्ठ्याची जाडजूड डायरी आणि प्रत्येक पानावर तीन रेघा. रोज घरी गेल्यावर दहा मिनिटं शांत बसायचं, दिवस आठवायचा आणि कशाकशाबद्दल आभार मानावेसे वाटतात ते त्या तीन रेघांवर लिहायचं, असं साहेबांनी मीटिंग घेऊन सांगितलं होतं. पोपटरावांची ही सून कुरकुंभच्या एमआयडीसीत क्वालिटी खात्यात. मशीनचं रीडिंग घ्यावं तितक्या इमानानं ती जेवणाच्या टेबलाशी पेन घेऊन बसली. पहिल्या रेघेवर लिहिलं, बस वेळेवर मिळाली. दुसरीवर लिहिलं, डोकं दुखलं नाही. तिसऱ्या रेघेपाशी घोडं अडलं ते अडलंच.

“आबा, तिसरं काही सुचतच नाही.”

“तीन कशाला पायजेत? एक बास हाय,” पोपटराव म्हणाले. “आमच्या आईनं एकच ठिवलं व्हतं. आन् ते बी लिहायचं न्हाई, जेवायच्या आधी ताटात काढून ठिवायचं.”

नीलमनं ते रोज पाहिलेलं होतं. सासरे जेवायला बसले की भाकरीचा एक तुकडा मोडून ताटाच्या कडेला ठेवायचे, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायचे, आणि हात धुतल्यावर तो तुकडा मागच्या दारी कुत्र्याला घालायचे. असेल म्हाताऱ्या माणसाची सवय, म्हणून तिनं कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं. आणि रिटायर झालेल्या माणसाला कुणी काही विचारलं की तो मुळापासून सुरुवात करतो. पोपटराव दौंडमधल्या त्या स्वयंपाकघरातून उठले ते थेट मांडवगण फराट्याला जाऊन पोचले.

मांडवगणात त्यांची वस्ती गावाच्या कडेला. त्यांच्या जन्माच्या आधीच वस्तीनं धम्म घेतला होता आणि घरोघरचे देव नदीला देऊन टाकले होते. देव्हारा गेला, पण आजीच्या हाताची सवय जाईना. ताट पुढ्यात आलं की हात आपसूक भाकरीचा तुकडा मोडून बाजूला काढायचा, निवद म्हणून. मग लक्षात यायचं की आता दाखवायचा कुणाला, आणि म्हातारी ओशाळून जायची. सासूची ती तारांबळ पाहून पोपटरावांच्या आईनं, सरूबाईनं, तोडगा काढला. ती म्हणाली, “हाताला सवय हाय तर हात कशाला मोडायचा? घास काढा, पर माणसाच्या नावानं काढा. आज ज्याचा आपल्याला हात लागला, त्याच्या नावानं.”

तेव्हापासून त्या घरात नावाचा घास सुरू झाला. आजी गेली तरी नेम राहिला. नाव मोठ्यानं घ्यायचं, कशासाठी ते सांगायचं, मगच जेवायचं. कारण आजचंच हवं, कालचं शिळं चालायचं नाही. आणि घरच्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. “घरच्यानं घरच्याचं करायचंच असतं,” आई म्हणायची. “तिथं नावं घ्यायला लागलो की मग हिचं जास्ती, त्याचं कमी, म्हणून रोज भांडणं.”

कंदिलाच्या उजेडात तिघं जेवायला बसायची. आई, थोरली सुरेखा आणि पोपट. वडील पोपट नऊ वर्षांचा असताना गेले. एकदा पोपटनं तुकडा काढून ठेवला आणि ऐटीत सांगितलं, “ह्यो घास बागवाल्या बाळासोचा. त्यानं मला पेरू दिले.”

“दिले का तू घेतले?” आईनं विचारलं.

“दिले.”

“बाळासो झाडाखाली घोरत व्हता, आई,” सुरेखा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उरलेले दोन पेरू परत द्यावे लागले आणि खाल्लेल्या तिन्हींबद्दल कान धरावे लागले. त्या रात्रीचा घासही बाळासोचाच होता. “त्यानं मारलं न्हाई,” असं कारण पोपटनं दिलं, आणि आईला हसू आवरेना. नीलमलाही आवरेना.

सुरेखा, म्हणजे पोपटरावांची अक्का, चार वर्षांनी मोठी. वर्गात पहिली यायची. वडील गेल्यावर एकाचीच शाळा होईल असं दिसलं, तेव्हा सातवीच्या निकालाच्या दिवशी ती दप्तर खुंटीला अडकवून आली आणि दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर गेली. गुळाच्या चुलाणात दिवसभर उसाचं चिपाड सारायचं काम. संध्याकाळी परतायची तेव्हा तिच्या अंगाला काकवीचा वास असायचा आणि भुवयांची टोकं करपलेली असायची. तरी ती घास काढायची. “ह्यो घास गुळव्याचा. त्यानं दुपारी सावलीत बसू दिलं.” “ह्यो त्या ट्रॅक्टरवाल्याचा. त्यानं वाटंत सोडलं, चालाय लागलं न्हाई.” त्या नावांतून अक्काचा सबंध दिवस कळत होता. पण ऐकणाऱ्याचं लक्ष भाकरीकडे होतं.

पोपट दहावी झाला, दौंडच्या रेल्वेत गँगमन म्हणून लागला, रुळाच्या चाव्या ठोकत ठोकत मुकादम झाला, पोपटचा पोपटराव झाला. नेम सुटला नाही. रुळावर पाणी आणून देणारा भैरू, उन्हात फाटकावर खुर्ची देणारा फाटकवाला, रजेचा अर्ज पुढं सरकवणारा कारकून, सगळ्यांचे घास त्यांनी काढले. किती माणसांचा आपल्याला हात लागतो ते रोज एकेक आठवल्याशिवाय कळत नाही, असं ते म्हणायचे, आणि खरंच मानायचेही. चांगला माणूस होता, यात वाद नाही. चांगल्या माणसाची पंचाईत एवढीच की आपलं काही चुकत असेल हे त्याच्या ध्यानीमनी नसतं.

सांगून झाल्यावर नीलमनं डायरी मिटली. उठता उठता तिनं विचारलं, “आबा, शुक्रवारी केंदूरच्या आत्या येतील, तेव्हा जेवायचं करू का? की नेहमीसारखा चहाच?”

पोपटरावांचा चेहरा उतरला. “च्याच कर,” ते म्हणाले. “जेवायची न्हाई ती.”

हे त्यांचं जुनं दुखणं होतं. अक्का केंदूरला दिली होती. नऊ वर्षं झाली, तिनं भावाच्या घरी अन्नाला हात लावला नव्हता. लग्नाकार्याला यायची, आहेर करायची, पोरासोरांच्या हातावर खाऊ ठेवायची, चहा घ्यायची. ताट वाढलं की म्हणायची, “पोट भरलंय माझं.” भांडण नाही, अबोला नाही, कारण विचारलं तर काही नाही. पोपटरावांना वाटलं, आई गेल्यावर तिच्या जलदान विधीला नेसवलेल्या साडीचा रंग पसंत पडला नसेल. त्यांनी पुढच्या दिवाळीला चांगल्यापैकी साडी नेली. ती तिनं घेतली, नेसली, आणि तीच नेसून येऊन पुन्हा नुसता चहा प्याली.

आणि आता अक्का कायमची निघाली होती. दाजी दोन वर्षांपूर्वी गेले. तिचा मुलगा सत्यजीत हैदराबादला नोकरीला, तो तिला घेऊन चालला होता. गाई विकल्या, घराला कुलूप घातलं. शुक्रवारी दुपारी सव्वातीनची गाडी दौंडवरून होती. सदुसष्टाव्या वर्षी इतक्या लांब गेलेलं माणूस परत कधी येणार? आली तरी किती वेळा? माझ्या घरचा घास न खाताच ती जाणार, हे पोपटरावांच्या जिवाला लागून राहिलं होतं.

“आबा,” नीलम म्हणाली, “आत्यांच्या नावाचा घास कितीदा काढलात?”

“अक्काच्या? तिचा कशाला? ती घरची.”

“घरची कशी? त्यांचं लग्न नाही का झालं?” नीलमच्या मनात काही वाकडं नव्हतं, तिला हिशेब जमत नव्हता एवढंच. “मी नाही का इकडची झाले? माझ्या आईनं रेशनकार्डावरनं माझं नाव कमी केलं तेव्हा रडत होती, पण केलंच ना. तुमच्या नेमानं बघितलं तर आत्या लग्नाच्या दिवसापासून दुसऱ्या घरच्या. मग त्यांचं नाव चाललं असतं की.”

 पोपटरावांना अक्काच्या लग्नानंतरची पहिली दिवाळी आठवली, आणि ती अशी लख्ख आठवली की इतकी वर्षं कुठं दडून बसली होती याचं त्यांना नवल वाटलं. अक्का माहेरपणाला आलेली. जेवायला बसल्यावर आईनं घास मोडला आणि म्हणाली, “ह्यो घास केंदूरच्या सुरेखाचा. सकाळपासनं तिनं मला चुलीपुढं येऊ दिलं न्हाई.” पोपट खो खो हसला होता. आई, घरच्याचं नाव? आई म्हणाली होती, “आता ती दुसऱ्या घरची झाली बाबा. आता घ्यायचं.” अक्का पाणी प्यायला म्हणून उठली आणि बऱ्याच वेळानं आली. डोळे लाल होते. सोळा वर्षांच्या पोपटला वाटलं, सासरची आठवण आली असेल.

म्हणजे तेव्हापासून अक्का दरवेळी भावाच्या ताटाकडे बघत होती. आणि भाऊ तिच्या शेजारी बसून भैरूचं नाव घेत होता, कारकुनाचं घेत होता. बहीण आपलीच, आपलीचं कसलं नाव, म्हणून खुशीत जेवत होता. आणि आईच्या शेवटी तर कहर झाला होता. आई अंथरुणाला खिळली ती आठ महिने केंदूरला अक्काकडे होती. पोपटरावांकडे सोय नव्हती. रेल्वेचं क्वार्टर दोन खोल्यांचं, शिफ्टची ड्युटी, पोराची बारावी. सोय ही वस्तू बहुतेक वेळा बहिणीच्याच घरी सापडते. जलदान विधीच्या दिवशी, इथंच दौंडला, पंगतीत अक्का शेजारी बसली होती. पोपटरावांनी घास काढला आणि म्हणाले, “ह्यो घास अँब्युलन्सच्या ड्रायव्हरचा. त्यानं एक बी खड्डा आईला लागू दिला न्हाई, आन् आज बी आठवणीनं आला.” अक्का भरल्या ताटावरून उठली होती. पोट भरलंय माझं, हे ती त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली होती.

“नीलम,” पोपटराव म्हणाले, “शुक्रवारी जेवायचं कर.”

पुढचे चार दिवस पोपटरावांनी मनात भाषण घोकलं. मुकादम असताना मोठ्या साहेबांपुढं बोलायचं असलं तरी त्यांनी इतकी तयारी केली नव्हती. शाळेपासून सुरुवात करायची, मग गुऱ्हाळ, मग आईचे आठ महिने. काही राहता कामा नये.

शुक्रवारी नीलमनं अर्धी रजा टाकली, नवऱ्याला मिळाली नाही. बाजरीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याचा ठेचा. दीडच्या सुमाराला दारात गाडी थांबली. शिक्रापूर, न्हावरा, पारगावचा पूल, चौफुला असं करत दोघं मायलेक आली होती. सत्यजीतनं बॅगा ओसरीवर रचल्या. अक्का आत आली, भावाला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, “बारीक झालास रं,” आणि खुर्चीत बसली.

“अक्का, हात धू. ताटं वाढल्यात.”

“च्या घेते फकस्त. पोट भरलंय माझं.”

“जेवू नगंस. नुसती ताटापुढं बस,” पोपटराव म्हणाले. “गाडीला टाइम हाय आजून.”

आवाजात काय होतं कुणास ठाऊक, अक्का उठून टेबलाशी आली. ताटापुढं बसली, हात पदरात गुंडाळून. पोपटरावांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि लहानपणी घ्यायचे तसं मोठ्यानं नाव घेतलं.

“ह्यो घास केंदूरच्या सुरेखाचा.”

अक्कानं मान वर केली.

“तिनं माझ्यापायी शाळा सोडली,” पोपटराव म्हणाले. “गुऱ्हाळावर भुवया जाळल्या. आन् आईचं आठ महिने…”

“थांब,” अक्का म्हणाली. “शिळं न्हाई चालत, पोपट. आईचा नेम इसरलास व्हय? कारण आजचं लागतं. शाळा सोडून पन्नासच्या वर वर्सं झाली. आईला जाऊन नऊ. ज्या त्या दिवशी घ्यायचं व्हतंस नाव.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

“तू घरची वाटायचीस गं,” पोपटराव म्हणाले. “आजून बी वाटतीस. म्हणून न्हाई घेतलं.”

“घरची व्हते तर आई माझ्या घरी कशापायी धाडलीस? तवा मी केंदूरची झाले, आन् घासाच्या टायमाला घरची?”

  “चुकलं,” पोपटराव म्हणाले.

“आन् आज म्या काय केलंय तुझं? आज तर गाडीला आले मी. दौंडवरनं गाडी हाय म्हणून तुझ्या दारात आले. शिरूरला रेल्वे असती तर शिरूरला गेले असते.”

नीलम भरिताचा चमचा धरून जागच्या जागी उभी राहिली. सत्यजीतनं मोबाइलमध्ये डोकं घातलं. पोपटरावांच्या बोटांत तुकडा तसाच होता. चार दिवस घोकलेलं भाषण एका वाक्यात निकामी झालं होतं. सकाळपासूनचा दिवस त्यांनी मनात उलटापालटा करून पाहिला. अक्कानं आज खरोखरच त्यांचं काही केलं नव्हतं. इतकी वर्षं रोज नवं कारण सापडणाऱ्या माणसाला आज एक सापडेना. खोटं एखादं सांगता आलं असतं, पण या बाईपुढं नाही.

“न्हाई अक्का,” ते शेवटी म्हणाले. “आजचं कारण न्हाई माझ्याकडं. तू म्हणतीस ते खरं हाय.”

ते तुकडा ताटात परत ठेवायला गेले आणि थांबले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

“आई गेल्यापासनं मला कुणी ‘थांब’ म्हणलं न्हाई गं. ड्युटीवर सगळी मुकादम, मुकादम करायची. घरात आबा, आबा करत्यात. चुकलो तरी ऐकून घेत्यात, म्हातारा माणूस हाय म्हणून. आत्ता तू थांब म्हणलीस. तोंडावर सांगितलंस, पोपट, तू चुकलास. हे आजचंच हाय, अक्का. दोन मिंटं बी झाली न्हाईत ह्याला.” त्यांनी तुकडा ताटाच्या कडेला ठेवला. “ह्यो घास त्याच्यासाठी. केंदूरच्या सुरेखाचा.”

अक्का त्या तुकड्याकडे बघत राहिली. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि रडली, पोटभर रडली, लेकाची आणि भाचेसुनेची भीड न ठेवता. “येवढं म्हणायला येवढी वर्सं लागली व्हय रं तुला?” ती म्हणाली. “तोंड दुखत व्हतं का माझं नाव घ्यायला?”

पोपटरावांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

डोळे पुसून अक्कानं ताट पुढं ओढलं. भाकरीचा तुकडा मोडला आणि कडेला ठेवला. सगळे वाट बघायला लागले. 

“ह्यो घास नीलमचा,” अक्का म्हणाली.

“माझा?” नीलम दचकली. “मी काय केलं, आत्या?”

“ह्याच्या डोक्यात हे आपणहून शिरलं असंल, असं मला न्हाई वाटत.”

सत्यजीतला हसू फुटलं आणि मग सगळेच हसले. पोपटराव सगळ्यांपेक्षा जोरात हसले, नाक पुसत पुसत. अक्का मात्र जेवायला लागली होती. भरीत तिनं दोनदा घेतलं. ठेच्याला हात लावून म्हणाली, “आईच्या हातचा व्हता तसाच झालाय,” आणि पोपटरावांच्या ताटातली भाकरी संपलेली बघून आपल्यातली चतकोर त्यांच्या ताटात टाकली. दोघं जेवत होती. ओसरीवर बॅगा पडल्या होत्या. लांब स्टेशनात कुठल्यातरी गाडीची घोषणा चालली होती.

सत्यजीत घड्याळ बघून चुळबुळायला लागला. “आई, उरक आता. पावणेतीन झाले. बॅगा घेऊन पूल चढायचाय. गाडी चुकली तर उद्यापर्यंत नाही दुसरी.”

“दम धर रं जरा,” अक्का म्हणाली. “माहेरी आलीया मी, जेवू दे.”

आणि तिनं रिकामं ताट नीलमपुढं केलं, अर्ध्या भाकरीसाठी.